साडेसहा फुटांचा ‘बुटका’: अमेरिकन बास्केटबॉलपटू युरोपात नेमकं करतात काय?

काइल हाइन्सची उंची १९८ सेंटिमीटर, म्हणजे बरोब्बर साडेसहा फूट. असा माणूस आपल्या एसटीत चढला तर आधी मान वाकवेल, मग तिकीट मागेल. पण बास्केटबॉलमध्ये तो ज्या जागी खेळायचा, त्या सेंटरच्या जागी हा गडी बुटका ठरला. सेंटर म्हणजे रिंगखाली उभा राहून मारामारी करणारा, संघातला सगळ्यात उंच माणूस. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, या जागेवर सात फुटांच्या आसपासची माणसं असतात. हाइन्स एनबीएचा एकही सामना खेळला नाही. आणि तरीही युरोपातला सगळ्यात मोठा क्लब-किताब, युरोलीग, त्याने चार वेळा जिंकला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक ‘एनबीएत जमलं नाही म्हणून युरोपात गेला’ असं एका वाक्यात गुंडाळतात. ते वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. युरोपातलं बास्केटबॉल हे एनबीएचं वेटिंग रूम नाही. तो वेगळ्या नियमांचा आणि वेगळ्या हिशोबाचा धंदा आहे. हाइन्सच्या सोळा वर्षांच्या मागे मागे चालत गेलं की तो उलगडतो.

सुरुवात २००८ पासून करू. हाइन्स नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरोच्या विद्यापीठातून बाहेर पडला. कॉलेज कारकिर्दीत त्याचे २,००० वर गुण, १,००० वर रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ३०० वर ब्लॉक (समोरच्याचे हवेत अडवलेले शॉट) होते. हे तिन्ही आकडे गाठणाऱ्यांची यादी अगदी छोटी आहे, आणि तिच्यात डेव्हिड रॉबिन्सन, अलोन्झो मॉर्निंग, टिम डंकन अशी नावं आहेत. हे तिघे एनबीएत गाजले. हाइन्सला मात्र त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये कुणी उचललंच नाही.

ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या संघांनी नव्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड. आयपीएलच्या लिलावासारखं वातावरण, फक्त बोली लागत नाही. ३० संघ, दोन फेऱ्या, म्हणजे ६० नावं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत पहिल्या श्रेणीची कॉलेजंच साडेतीनशेच्या आसपास, आणि प्रत्येकाच्या संघात डझनभर पोरं. शिवाय त्या ६० जागांत परदेशी मुलंही वाटेकरी. एनबीएत नियमित करारावर असतात साधारण साडेचारशे खेळाडू, आणि त्यातले बरेच दहा-दहा वर्षं जागा सोडत नाहीत. गणित सरळ आहे, फार चांगले खेळाडू बाहेर राहतात. छोट्या विद्यापीठातला, साडेसहा फुटांचा सेंटर तर हमखास.

बाहेर राहिलेल्यापुढे तेव्हा दोन वाटा होत्या. एक, एनबीएच्या खालची विकास लीग. तिथे अख्ख्या हंगामाचा पगार साधारण १२ ते २५ हजार डॉलर, पण एनबीएवाल्यांची नजर जवळ. दुसरी वाट परदेशाची. पैसे बरे, पण कुठल्या गावाला जावं लागेल याचा नेम नाही. हाइन्सच्या वाट्याला वेरोली आलं.

वेरोली हे रोमच्या आग्नेयेला, फ्रोझिनोने प्रांतातलं डोंगरावरचं जुनं गाव. वस्ती वीस हजारांच्या आसपास. आणि या गावाचा संघ इटलीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये! अमेरिकेत हे घडूच शकत नाही. तिथे संघ म्हणजे मालकाची मालमत्ता, लीगमधली त्याची जागा कायमची, कितीही हरलात तरी कुणी हाकलत नाही. युरोपात क्लब गावाचा असतो आणि लीग शिडीसारखी. जिंकलात तर वरच्या श्रेणीत, तळाला गेलात तर खाली घसरण. त्यामुळे वीस हजार वस्तीच्या गावातही शनिवारी-रविवारी जीव खाऊन खेळणारा व्यावसायिक संघ सापडतो, आणि त्या संघाला चांगला अमेरिकन हवा असतो.

‘चांगला अमेरिकन’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केला, कारण तिथे ती जवळपास नोकरीच आहे. अमेरिकन खेळाडू म्हणजे भरपूर गुण काढण्यासाठी आणलेला माणूस. स्थानिक पोरगा वाईट खेळला तर ‘शिकतोय’ म्हणतात. अमेरिकन सलग तीन सामने वाईट खेळला तर क्लबवाले त्याच्या बदलीसाठी फोन फिरवू लागतात. करार बहुधा एक वर्षाचा. नवख्याचा असेल तर त्यात सुरुवातीचा चाचणीचा काळ आणि वैद्यकीय तपासणीची अट.

पगाराची पद्धतही निराळी. एनबीएतला आकडा कर कापायच्या आधीचा असतो, युरोपातला बहुतेक वेळा हातात पडणारा. कर क्लब भरतो. वर राहायला घर, फिरायला गाडी, घरच्यांना येण्याजाण्याची विमानाची तिकिटं करारातच लिहिलेली. एजंटची दलाली, साधारण १० टक्के, तीही क्लबच देतो. एनबीएत ती खेळाडूच्या खिशातून जाते आणि ४ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून ‘बघा किती कमी’ म्हणणाऱ्यांचा हिशोब हमखास चुकतो.

आता जागांचा प्रश्न. क्रिकेटवाल्यांना हा लगेच कळेल. आयपीएलच्या अकरात चारच परदेशी चालतात, आणि त्या चार जागांसाठी केवढी ओढाताण होते ते आपण दर वर्षी बघतो. १९९२ मध्ये एकोणीस वर्षांचा सचिन यॉर्कशायरकडे गेला, तो त्या काउंटीचा पहिला परदेशी खेळाडू. तिथेही अशीच मोजून मापून दिलेली जागा होती. युरोपातल्या जवळपास प्रत्येक देशाच्या बास्केटबॉल लीगमध्ये असं काहीतरी बंधन आहे आणि प्रत्येकाचं वेगळं. जर्मनीत आज बारा जणांच्या यादीत सहा जर्मन लागतात. इटलीत क्लबला किती परदेशी घ्यायचे याचे ठरावीक पर्याय दिलेले असतात. युरोलीगमध्ये मात्र अशी मर्यादाच नाही. त्यामुळे एकच संघ गुरुवारी युरोपातल्या सामन्यात सगळे परदेशी वापरतो आणि रविवारी देशांतर्गत सामन्यात दोघा-तिघांना साध्या कपड्यांत बसवून ठेवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, एवढे सगळे एकदम जखमी कसे झाले?

नियम आला की पळवाट आलीच. २००३ मध्ये मारोश कोल्पाक नावाच्या स्लोव्हाक हँडबॉल गोलरक्षकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. युरोपीय संघाशी करार असलेल्या देशांचे, तिथे कायदेशीर नोकरी करणारे नागरिक खेळाच्या कोट्यात परके धरता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. क्रिकेटमध्ये याच ‘कोल्पाक’ नावाने दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू काउंटीत शिरले, हे आठवत असेल. बास्केटबॉलमध्ये त्याचं भावंड म्हणजे ‘कोतोनू’. बेनिनच्या कोतोनू शहरात झालेल्या करारात आफ्रिकेतले बरेच देश होते, म्हणून त्यांच्यापैकी एखाद्याचा पासपोर्ट मिळवलेला अमेरिकन स्पेनमध्ये कोट्यातला परदेशी राहत नसे. एजंटसाठी असा पासपोर्ट म्हणजे खेळाडूच्या अंगी वाढलेलं एक कौशल्यच. डाव्या हाताने शॉट मारता येतो का, याच्या आधी कागद विचारले जातात.

वेरोलीत दोन हंगाम काढून, दोन्ही वेळा त्या श्रेणीचा चषक जिंकून, हाइन्स २०१० मध्ये जर्मनीतल्या बाम्बेर्गला गेला. हेही काही महानगर नव्हे, सत्तर-पंचाहत्तर हजारांचं शहर. पण बास्केटबॉलचं वेड इतकं की लोक त्याला ‘फ्रीक सिटी’ म्हणतात. तिथे त्याने एकाच वर्षी लीग आणि चषक दोन्ही जिंकले, आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. बाम्बेर्गमुळे दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट झाली. क्लब आदल्या वर्षीचा जर्मन विजेता असल्याने युरोलीगमध्ये होता.

फुटबॉलची चॅम्पियन्स लीग बघणाऱ्यांना युरोलीग समजवावी लागणार नाही. देशांतर्गत लीग चालू असतानाच, आठवड्याच्या मधल्या वारी, निरनिराळ्या देशांतले बडे क्लब एकमेकांशी भिडतात. ही स्पर्धा १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने सुरू केली. २००० मध्ये मोठ्या क्लबांनी ती स्वतःच्या कंपनीकडे खेचली, आणि तेव्हापासूनचं दोघांमधलं भांडण अजून मिटलेलं नाही. शेवटचे चार संघ एकाच शहरात, एकाच शनिवार-रविवारच्या आसपास जमतात. याला ‘फायनल फोर’ म्हणतात. उपांत्य फेरीत सात सामन्यांची मालिका वगैरे काही नाही. एक रात्र खराब गेली की आठ महिन्यांचं काम पाण्यात.

हाइन्सची पहिली अशी रात्र १३ मे २०१२ ला इस्तंबूलमध्ये आली. तोपर्यंत तो ग्रीसमधल्या पिरेअस शहराच्या ओलिम्पियाकोसमध्ये पोचला होता. देश कर्जाच्या संकटात बुडालेला, क्लबच्या मालकांनी खर्चाला मोठी कात्री लावलेली, महागडे खेळाडू गेलेले. म्हणूनच तर बाम्बेर्गचा एक बुटका सेंटर त्यांना परवडला. समोर सीएसकेए मॉस्को. (चेन्नईशी याचा काही संबंध नाही. हा मूळचा रशियन लष्कराचा क्लब.) तिसऱ्या सत्रात ओलिम्पियाकोस १९ गुणांनी मागे, ३४–५३. तिथून ते इंच इंच वर आले. दहा सेकंदही उरले नसताना मॉस्कोच्या शिश्काउस्कासचे दोन्ही फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता मारायचे शॉट) चुकले. मग ओलिम्पियाकोसच्या स्पानुलिसने पास दिला, त्याचा साथीदार प्रिंटेझिसने पुढे झेपावत चेंडू हलकेच वर सोडला, आणि तो आत गेला तेव्हा घड्याळात पूर्ण एक सेकंदही उरला नव्हता. ६२–६१. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रेआल माद्रिदला १००–८८ ने हरवून त्यांनी किताब राखला.

आता मूळ प्रश्न. एनबीएला जो माणूस सेंटर म्हणून नको होता, तो इथे दोनदा युरोपचा विजेता कसा?

बास्केटबॉलचा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात उपयोगी डाव म्हणजे ‘पिक अँड रोल’. चेंडू असलेल्या चपळ गार्डसाठी त्याचा उंच साथीदार वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. गार्ड त्या भिंतीला खेटून निघतो, त्याच्यावर नजर ठेवणारा मागे अडकतो. आता बचाव करणाऱ्या सेंटरने काय करावं? मागे रिंगजवळ थांबला तर गार्डला निवांत शॉट. पुढे आला तर सात फुटांचा देह चपळ गार्डसमोर उघड्यावर, आणि गार्ड त्याला चकवून आत. दोन्हीकडून मरण. यावर सगळ्यात साफ उत्तर म्हणजे सरळ अदलाबदल, ज्याला ‘स्विच’ म्हणतात. सेंटरने गार्डला घ्यायचं, गार्डने सेंटरला. पण त्यासाठी असा सेंटर लागतो ज्याचे पाय गार्डच्या पायांइतके हलतात.

हाइन्सचे पाय तसे हलायचे. आणि आत रिंगखाली? तिथे त्याच्याहून वीतभर उंच माणसं असत, पण उंची तेव्हाच कामी येते जेव्हा चेंडू हातात येतो. हाइन्सचे खांदे रुंद, हात लांब, शरीराचा भार खाली. समोरच्याला चेंडू मिळायच्या आधीच तो त्याला मांडीने आणि पाठीने रेटत रिंगपासून दोन पावलं लांब न्यायचा. दोन पावलं लांब उभा असलेला सात फुटांचा माणूस हा बराचसा निरुपयोगी माणूस असतो. ज्यांनी कॉलेजच्या कोर्टावर कधी ‘बोर्डाखाली’ खेळून कोपरं खाल्ली आहेत त्यांना हे पटेल.

नियमांचाही थोडा हात आहे. एनबीएत बचाव करणारा खेळाडू, समोर कुणाला धरलेलं नसेल तर, रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. युरोपात तसं बंधन नाही. त्यामुळे आतला भाग नेहमी गर्दीचा, दादरच्या फलाटासारखा. एकट्याने मुसंडी मारून रिंग गाठणं अवघड आणि जागा, वेळ, पास यांची किंमत जास्त. शिवाय सामना ४८ नव्हे तर ४० मिनिटांचा, बाहेर जायला सहा नव्हे तर पाच फाऊल. चेंडू एकदा रिंगला लागला की तो रिंगवर असतानाच झटकून टाकायची मुभा, जी एनबीएत नाही. थोडक्या चेंडूंवर सामना ठरतो, म्हणून एक चूक वाचवणारा माणूस हा दोन गुण काढणाऱ्याइतकाच मोलाचा. अमेरिकन म्हणून हाइन्सकडून अपेक्षा गुणांची होती. तो नाव कमावून बसला बचावात. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू तो तीनदा झाला: २०१६, २०१८ आणि २०२२.

गंमत अशी की एनबीएलाही पुढे हेच उमगलं. २०१५ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटरच्या जागी घालून किताब जिंकला आणि सगळे ‘छोटा सेंटर’ म्हणून कौतुक करू लागले. तोवर हाइन्सच्या घरी दोन युरोलीग किताब येऊन पडले होते. बाम्बेर्गमध्ये त्याच्यानंतर आलेला पी. जे. टकर हा असाच ठेंगणा, दणकट खेळाडू. इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी अशी वारी करून तो २०१२ मध्ये एनबीएत परतला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीकडून विजेताही झाला. म्हणजे परतीची वाट असते. पण तिथे परतून बाकावर बसायचं, की इथे रोज खेळायचं, हा ज्याचा त्याचा सौदा.

२०१२ च्या अंतिम सामन्यात ज्यांना हरवलं, त्यांच्याकडेच हाइन्सने २०१३ मध्ये नोकरी धरली. सीएसकेएकडे तो सात वर्षं राहिला, आणि युरोपात अमेरिकन खेळाडूने एका जागी सात वर्षं टिकणं हीच मोठी बातमी. २०१४ ते २०१९ सलग सहा फायनल फोर. त्यातल्या चार उपांत्य फेऱ्या हरल्या. २०१४ ला मक्काबीशी एका गुणाने, ६७–६८. २०१५ ला आपल्याच जुन्या ओलिम्पियाकोसशी दोन गुणांनी. मधे २०१६ ला बर्लिनमध्ये फेनरबाहचेविरुद्ध जादा वेळेत १०१–९६ असा विजय, आणि २०१९ ला विटोरियात अनादोलू एफेसवर ९१–८३. युरोलीगने २०१०–२०२० या दशकाचा जो संघ जाहीर केला त्यात तो होता.

या काळातलं वेळापत्रक बघितलं की दमायला होतं. युरोलीगचे २०१९–२० मध्ये साखळीतच ३४ सामने ठरले होते. जोडीला रशिया आणि शेजारच्या देशांची लीग, म्हणजे कधी तालिन, कधी अस्ताना, कधी सैबेरियातलं क्रास्नोयार्स्क. मॉस्को आणि क्रास्नोयार्स्क एकाच देशात, पण घड्याळात चार तासांचा फरक. मंगळवारी माद्रिद आणि रविवारी सैबेरिया, असं चालायचं. एनबीएत ८२ सामने असतात हे खरं, पण तिथे हंगाम सुरू झाला की सराव फारसा होत नाही. युरोपात ऑगस्टपासूनच दिवसातून दोनदा सराव, आणि प्रशिक्षकाचा शब्द शेवटचा. स्वतंत्र वाढलेल्या अमेरिकन पोरांना पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त बोचतं ते हेच, असं म्हणतात.

पैसे बुडण्याचं काय? हा मोठा भीतीचा विषय, कारण छोट्या क्लबांचे प्रायोजक बुडाले की पगार थांबतात. परक्या देशातल्या कोर्टात, परक्या भाषेत भांडायला कोण जाणार? म्हणून २००७ मध्ये फिबाने जिनिव्हात एक लवाद सुरू केला. कामकाज इंग्रजीत, बहुधा एकच लवाद-न्यायाधीश, आणि निकाल कुठल्या एका देशाच्या कायद्याने नव्हे तर न्याय्य काय दिसतं त्यावरून. करारात या लवादाचं कलम असेल तरच तिथे जाता येतं, म्हणून जाणता एजंट ते कलम आधी शोधतो. क्लबने निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर त्याला नव्या खेळाडूंची नोंदणीच करू देत नाहीत. ही नस बरोबर पकडलेली आहे. संघ बांधता आला नाही की क्लबचं तोंड आपोआप उघडतं आणि पाकीटही.

२०२० चा हंगाम करोनाने अर्धवट राहिला, त्या वर्षी युरोलीगला विजेताच नाही. उन्हाळ्यात हाइन्स मिलानला गेला, ओलिम्पिया मिलानोकडे. ३३ वर्षांचा अमेरिकन, सोबत बायको-मुलं, आणि पुन्हा इटली. फक्त या वेळी डोंगरावरचं गाव नव्हे.

मिलानला अमेरिकनांची जुनी सवय आहे. बिल ब्रॅडली १९६५–६६ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना विमानाने ये-जा करून या क्लबकडून युरोपियन चषकाचे सामने खेळला, १९६६ चा किताब जिंकून गेला आणि पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला. बॉब मॅकाडू एनबीएचा माजी सर्वोत्तम खेळाडू, तो इथे येऊन १९८७ आणि १९८८ चे युरोपियन किताब जिंकला. याच सुमारास इटलीच्या दुसऱ्या शहरांत जो ब्रायंट नावाचा अमेरिकन खेळत होता. त्याचा लहान मुलगा इटालियन शाळेत जायचा, मध्यंतरात कोर्टावर घुसून शॉट मारायचा. त्या मुलाचं नाव कोबी.

मिलानमध्ये पहिल्याच वर्षी हाइन्सचा संघ फायनल फोरला पोचला आणि कोलोनमध्ये बार्सेलोनाकडून ८२–८४ असा हरला, अगदी शेवटच्या शॉटवर. पाचवा किताब काही आला नाही. इटलीची लीग मात्र २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीनदा जिंकली, तिन्ही वेळा अंतिम फेरीत बोलोन्याच्या व्हिर्तुसला हरवून. २०२४ च्या जूनमध्ये तिसरी मालिका ३–१ अशी संपली, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. त्यानंतर त्याने थांबायचं ठरवलं. वेरोलीहून निघून मिलानपर्यंत पोचायला, सरळ रस्त्याने गाडी काढली तर सात तास लागतात. त्याला बाम्बेर्ग, पिरेअस आणि मॉस्कोवरून यावं लागलं.